नववीच्या वर्गाचा रंग

४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं मागचं पत्र नऊ महिन्यांपूर्वीचं. त्यातही अर्धं पान नव्या पत्त्याचं आणि अर्धं नव्या कामाचं. पाट्यांच्या कारखान्यात तरी टिक रे बाबा. दर वेळी वहीत तुझा पत्ता खोडून दुसरा लिहायचा, आता त्या पानावर जागा उरली नाही.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी गुडघ्याने हैराण आहेत, पण जिना चढायचं सोडत नाहीत. मी आणि माझा टाइपरायटर, दोघं शाळेच्या ऑफिसात जुने होत चाललोय.

मुद्द्याचं लिहिते. मोठे सर एप्रिलअखेर निवृत्त होतात. शाळेने कृतज्ञता सोहळा ठरवलाय. मंडप, भाषणं, शाल आणि एक गौरव अंक. अंकासाठी माजी विद्यार्थ्यांची पत्रं येताहेत, ती टाइप करायचं काम अर्थात माझ्याकडे. आजपर्यंत चौसष्ट झाली. सगळ्यांत सर दीपस्तंभ आहेत. एकात तर दोनदा.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक पितळी पाटी बसवायची आहे. समितीत गणिताच्या बाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ पाट्याच कोरतो ना? मग बाहेर कशाला द्यायची?" मीच कधीतरी डबा खाताना कौतुकाने सांगितलं होतं, ते अंगाशी आलं. मजकूर असा: 'ज्यांच्या कारकिर्दीत शाळेचा निकाल सलग एकवीस वर्षे शंभर टक्के लागला, त्या आदरणीय सरांस कृतज्ञतापूर्वक.'

जमणार नसेल तर तसं कळव. मी समितीला सांगेन की तुझ्या मालकाकडे काम फार आहे. तुझ्यावर जबरदस्ती नाही.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

प्रिय ताई,

टिकलोय! दहा महिने झाले. गोदी, बेकरी, लिफ्ट बसवणाऱ्यांची टोळी, सगळ्यांच्या वर गेला हा आकडा. इथल्या उस्तादाने पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हटलं होतं, "याच्या ढुंगणाखाली खिळा आहे, हा बसायचा नाही." आता तोच मला सगळ्यात नाजूक काम देतो. हात हलत असेल तर माझं डोकं गप्प राहतं, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. शाळेत हात बांधून बसवायचे ना, तिथेच सगळा घोटाळा झाला.

लांबलचक खोली आहे, उत्तरेला एकच खिडकी. खिडकीपाशी टेबल, टेबलाला सात जण. पितळेवर आधी अक्षर आखायचं, मग छिन्नीने कोरायचं, खाचेत काळा रंग भरायचा आणि वरून घासून चकचकीत करायचं. दिवसाकाठी चार-पाच वेळा मी 'कृतज्ञता' कोरतो. एवढी कृतज्ञता माणसं वर्षभर कुठं लपवून ठेवतात कुणास ठाऊक, निवृत्तीच्या दिवशी सगळी एकदम बाहेर येते.

पण ही पाटी मीच करणार. मालकाचं काम आणि माझं काम वेगळं, जेवणाच्या सुट्टीत बसेन. जबरदस्ती कसली? उलट तू सांगितलं नसतंस तर रागावलो असतो.

एकवीस वर्षं शंभर टक्के! ताई, एवढी हुशार पोरं आली कुठून गं? खिडकीजवळच्या माझ्या बाकावर आम्ही तिघं होतो आणि तिघांत मिळून एका माणसाची अक्कल होती. सरांनी जादूच केली म्हणायची. मी राहिलो असतो तर माझंही झालं असतं काहीतरी.

ती रविवारची दुपार तुला आठवते? मला अजून दिसते. सरांचे पॉलिश केलेले बूट आपल्या दारात, शेजारी बापाच्या रंगाने माखलेल्या चपला. अख्ख्या गल्लीत कुणाकडे मुख्याध्यापक कधी आला नव्हता. आपल्याकडे आला, तोही माझ्यासाठी. मला बाहेर काढलं. मी टाकीच्या पायरीवर बसून होतो. आतून एकच आवाज येत होता, आपल्या बापाचा. सरांचा आवाज एकदाही चढला नाही. मग रंगाचा डबा दारातून गडगडत बाहेर आला. बापाने लाथ मारली असणार. सर त्या पांढऱ्या ओघळातून बूट वाचवत निघाले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघू."

पाचव्या दिवशी मला फाटकातूनच परत पाठवलं. नाव कमी झालं होतं. बापाने तोंड वर न करता सांगितलं, "मीच काढलं तुला. चल कामाला."

आणि त्यावर कडी म्हणजे ती उन्हाळ्याची सुट्टी. काम कुठलं मिळवलं याने? आपल्याच शाळेचं. नऊ खोल्या! ज्या शाळेतून मला उचललं, तिच्याच भिंती माझ्याकडून घासून घेतल्या. बाकीच्या खोल्यांना रंगाचे दोन हात, नववीच्या खोलीला तीन. मी पत्रा घेऊन खरवडतोय आणि हा शिडीवरून म्हणतो, "नीट घास. तुलाच बसायचंय इथं." वर हसला. पोराचं शिक्षण तोडून वर टोमणा मारणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर दोन वर्षांत मी घर सोडलं ते का, हे लोक तुला विचारत असतील तर हे सांग.

तर मीही पत्र लिहिणार अंकासाठी. पासष्टावं. माझ्यात दीपस्तंभ नसेल, काळजी करू नकोस.

तुझा,
भिंगरी

२८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पाटी करतोस हे वाचून समितीला आनंद झाला. माप सोबत जोडलंय. चारही कोपऱ्यांना स्क्रूची भोकं हवीत.

पत्राचं मात्र राहू दे. अंकाची पानं ठरून गेली आहेत, आणि समितीचं म्हणणं असं की दहावी होऊन गेलेल्यांचीच पत्रं घ्यावीत. वाईट वाटून घेऊ नकोस. पाटी आहेच ना तुझी, तीच पुरे.

बाबांबद्दल तू लिहिलंस ते वाचवलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. ते तसे नव्हते.

थंडी फार असेल तिकडे. कानाला बांधत जा.

तुझी,
ताई

२० मार्च

प्रिय ताई,

पाटी पाठवली. लाकडी खोक्यात, आत भुसा भरून. उघडताना भुसा जमिनीवर सांडेल, शिपाईमामांना आधी सांग, नाहीतर तुझ्या नावाने खडे फोडतील.

बावीस दिवस लागले. एकही अक्षर हललं नाही. उस्ताद नेहमी सांगतो, पितळेवरची चूक पुसली जात नाही, पितळ कमी होतं. एक काना वाकडा गेला तर अख्खी पाटी घासून खाली आणायची, आणि मग ती पातळ होते, वाजवली की कळतं. ही वाजवून बघ. भरीव आहे. उस्तादाने चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, "कोण आहे हा माणूस तुझा?" मी म्हटलं, "माझ्यासाठी माझ्या बापाशी भांडलेला माणूस." त्याने पाटी परत माझ्याकडे दिली, दोन हातांनी.

पत्राचं म्हणशील तर तुझं उत्तर वाचून दोन दिवस डोकं फिरलं होतं. दहावी झालेल्यांचीच! म्हणजे आभार मानायलाही सर्टिफिकेट लागतं. तू ऑफिसात बसून समितीची भाषा बोलायला लागलीस. म्हणून मी तुझ्या हातात पत्र दिलंच नाही. पाटीच्या खाली, भुशाच्या आत, पाकीट ठेवलंय, वर सरांचं नाव. खोकं तुझ्या समोर उघडलं तरी ते पाकीट त्यांचंच आहे. फोडू नकोस.

आत काय आहे ते तुला सांगतो, चोरून काही नाही. लिहिलंय की सर, मी नववी नापाससुद्धा नाही, नववी अर्धवट. तुम्ही बोलावलेल्या पाहुण्यांत मी बसणार नाही. पण एका रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात, माझं नाव राहावं म्हणून माझ्या बापाची बोलणी खाल्लीत, हे मी कुणाला विसरू देणार नाही. मला शिकवलेलं सगळं मी विसरलो, तुम्ही आलात ते विसरलो नाही. एवढंच.

तू म्हणतेस, ते तसे नव्हते. तुला ते वेगळे दिसले असतील, तू लाडकी होतीस. मी एक गोष्ट कबूल करतो. बाप गेला तेव्हा तुला लिहिलं होतं की सुट्टी मिळाली नाही. ते खोटं होतं. मी सुट्टी मागितलीच नव्हती. तेव्हा बेकरीत होतो, तार आली, वाचली आणि पुढचा घाणा भट्टीत सरकवला. आता तूही एकदा खरं काय ते लिही, समितीची भाषा न बोलता.

तुझा,
भिंगरी

२ मे

प्रिय भिंगरी,

सोहळा छान झाला. पाटी सगळ्यांना आवडली. सरांच्या हस्ते नारळ वगैरे काही नाही, साधं फडकं बाजूला केलं आणि टाळ्या झाल्या. तुझं पत्र सरांना मिळालं. त्यांनी ते स्टेजवरून वाचून दाखवलं. लोकांना भरून आलं.

ऑफिसात सुट्टीची कामं खूप आहेत. सविस्तर नंतर लिहीन.

तुझी,
ताई

१२ मे

प्रिय ताई,

सविस्तर नंतर? वाचून दाखवलं म्हणतेस आणि चार ओळींत गुंडाळतेस? अगं, तू मुलगी पळवून नेल्याची बातमीसुद्धा चार ओळींत देशील! सर काय म्हणाले? वाचून झाल्यावर काही बोलले असतीलच. शब्दन् शब्द लिही. मी इथे सातही जणांना तुझं पत्र वाचून दाखवलं. उस्तादाने सगळ्यांना चहा पाजला, जो माणूस स्वतःच्या नातवाच्या बारशालाही कुणाला काही पाजत नाही.

आता हसू नकोस. मी दहावीला बसणार आहे. बाहेरून. इथे कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग आहेत, कारखान्यापासून दहा मिनिटांवर. जाऊन आलो. बाक लहान आहेत, गुडघे वर येतात, पण बसलो तासभर. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "शाळा का सुटली?" म्हटलं, "मी नाही सोडली, पण ज्यांना सुटू द्यायची नव्हती त्यांच्यासाठी परत आलोय." बरं वाक्य आहे की नाही?

त्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे. तू तर तिथेच आहेस. माझा दाखला काढ, आणि नाव कमी करताना जो अर्ज दिला होता त्याची नक्कलही लागते म्हणे. कारणाच्या जागी बापाने काय लिहिलंय ते बघायला आवडेल. 'रंगाला हात कमी पडतो' असंच असणार. असू दे. आता त्याच्यावर रागवायलाही वेळ नाही मला.

लवकर पाठव. महिनाअखेर मुदत आहे.

तुझा,
भिंगरी

९ जून

भिंगरी,

तुझी मुदत टळली. मी टळू दिली. दाखला माझ्या टेबलाच्या खणात तयार आहे, अर्जाची नक्कलही. रोज पाकिटात घालते, रोज काढते. आज दोन्ही सोबत पाठवते आहे, आणि तू अर्ज उघडण्याआधी हे वाच.

अर्जावरचं अक्षर माझं आहे.

खालची सही बाबांची नाही. तीही मीच केली आहे. तुझ्या प्रगतिपुस्तकावरून बघून.

आता पहिल्यापासून सांगते. सर त्या रविवारी तुझं नाव राहावं म्हणून आले नव्हते. नाव काढून न्या, असं सांगायला आले होते. शंभर टक्के निकाल असा लागतो, भिंगरी. जो दहावीत पडेल असं वाटतं, तो दहावीपर्यंत पोचतच नाही. नववीतच त्याच्या घरून अर्ज येतो, 'घरगुती अडचणीमुळे'. शाळा कुणाला काढत नाही. आईबापच काढून नेतात. तुझ्या बाकावरचे तुम्ही तिघंही त्याच वर्षी गेलात. तुला वाटलं, फक्त तुलाच बापाने नेलं.

आत ओरडत होते ते बाबा, हे तुझं बरोबर. काय ओरडत होते ते तुला ऐकू आलं नाही. "नापास करा. दोनदा करा, तीनदा करा. मिशा फुटेपर्यंत बसू दे नववीत. पण नाव काढू नका." डबा त्यांनी लाथाडला नव्हता. सर उठले तेव्हा बाबा त्यांच्या आडवे आले, त्या गडबडीत लवंडला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. मी एकोणीस वर्षांची, टायपिंगची परीक्षा नुकतीच झालेली. म्हणाले, "ऑफिसात एक जागा निघते आहे. तुझा विचार आहे मनात. पण घरचं प्रकरण आधी तुम्हीच समजुतीने मिटवा." एवढंच. सही कर असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि खिडकीकडे बघत उभे राहिले.

तुला फाटकातून परत पाठवलं त्या दिवशी बाबा शाळेत गेले. सरांनी त्यांना अर्ज दाखवला. बाबा घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी सही एवढी सरळ कधीपासून यायला लागली?" मी रडायला लागले. ते म्हणाले, "गप. पोराला कळलं तर तो तुला आयुष्यभर माफ करणार नाही. बापाला शिव्या द्यायची पोरांना सवय असते." मग बाहेर जाऊन तुला सांगितलं, मीच काढलं तुला.

आणि ती सुट्टी. ते काम बाबांना मिळालं नव्हतं, त्यांनी मागून घेतलं होतं. सरांना जाऊन म्हणाले, पोराला पुन्हा नववीत बसवा. सर म्हणाले, शाळेला रंग काढायचाय, तो झाला की बघू. बाबांनी नऊ खोल्या फुकट रंगवल्या. तुला सोबत नेलं, कारण तूही हातभार लावलास हे सरांना दिसावं. तू ज्याला टोमणा म्हणतोस, तो टोमणा नव्हता रे. त्यांना खरंच वाटत होतं. शाळा उघडली तेव्हा सर म्हणाले, जागा भरल्या.

ते गेले त्या आठवड्यातही त्यांनी मला विचारलं, "सांगितलंस का त्याला?" मी म्हटलं, सांगते. त्यांना वाटत होतं, मी सांगितलं की तू येशील.

सोहळ्यात काय झालं, शब्दन् शब्द मागितलास ना? सरांनी तुझं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "मला तो दिवस आठवतो. बाप अडाणी, हट्टी. मी अक्षरशः हात जोडले. पण काही मुलं हातातून निसटतात, ती बोच शिक्षकाला शेवटपर्यंत राहते." अख्खा मंडप टाळ्या वाजवत उभा राहिला. मी स्टेजच्या पायरीशी हारांचं तबक घेऊन होते. ते खाली ठेवलं आणि मीही टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते घाबरलेले नव्हते. त्यांना ठाऊक होतं.

तुझं पत्र अंकात येऊ नये म्हणून मी समितीचं नाव पुढे केलं. समितीने असं काही ठरवलंच नव्हतं.

अजून एक राहिलं. तो अर्ज मी एकदाच लिहिला असं समजू नकोस. गेली अकरा वर्षं दर साली तोच मजकूर मी टाइप करते, पालकांनी फक्त खाली सही करायची. सर गेले, नवे आले, टेबल तेच आहे. यंदा सहा आहेत. कागद यंत्राला लावून ठेवलाय.

तू म्हणशील ती शिक्षा मला मान्य आहे.

ताई

२७ जून

ताई,

शिक्षा मी काय देणार? मी न्यायाधीश नाही, नववी अर्धवट आहे.

पत्र आलं त्या दिवशी हातात एका बँकेच्या साहेबांची पाटी होती. 'कृतज्ञता'चा 'कृ' कोरताना छिन्नी सरकली. दहा महिन्यांत, नव्हे आता पंधरा, पहिली चूक. उस्तादाने घासायचा दगड पुढे केला. दुपारभर घासत बसलो. चूक जाईपर्यंत पाटी निम्मी झाली.

तुझा अर्ज बघितला. सही छान केली आहेस. फक्त बाबांची सही कधी ओळीवर बसायची नाही, शेवटी खाली घसरायची, आणि कोपऱ्यात हटकून रंगाचं बोट उमटलेलं असायचं. तुझ्या सहीजवळ कागद स्वच्छ आहे. सरांनी तो अर्ज घेतला तेव्हा त्यांनाही दिसलं असणार. एका रंगाऱ्याचा एवढा स्वच्छ कागद!

मला राग कुणाचा येतो ते ठरत नाही. तुझा येतो, मग आठवतं, माझा डबा भरून तूच द्यायचीस. सरांचा येतो, मग ती पाटी डोळ्यांपुढे येते आणि माझीच लाज वाटते. बावीस दिवस, जेवणाच्या सुट्टीत, ताई! एक अक्षर हललं नाही! पाटी काढायला सांगू नकोस कुणाला. राहू दे तिथे. खोटं असलं तरी काम चांगलं आहे, आणि एकवीस वर्षांत किती जण गेले ते ज्याला मोजायचं असेल त्याला आकडा तरी तिथे सापडेल.

आणि सगळ्यात जास्त कुणाचा येतो सांगू? त्या शिडीवरच्या माणसाचा. एकदा म्हणाला असता, रे गाढवा, मी नाही काढलं तुला. एकच वाक्य. मी त्याला तोंडावर काय काय बोललो ते तू ऐकलंस. घर सोडताना मी म्हणालो होतो, तुझ्यासारखा बाप शत्रूलाही नको. तो ब्रश धूत होता. म्हणाला, "स्वेटर घेतलास का?" नऊ वर्षं मी ते वाक्य हसण्यावारी सांगत आलो. बघा, पोरगा घर सोडतोय आणि बापाला स्वेटरची पडली आहे. इथले सगळे हसायचे. मीही हसायचो.

आभार मानायला मी सहाशे मैलांवरून पितळ पाठवलं, आणि ज्याचे मानायचे तो तेव्हा तीन वर्षांपूर्वीच गेलेला. त्याच्या वेळी मी भट्टीत घाणा सरकवत होतो.

त्या सहा अर्जांचं काय करायचं ते मला विचारू नकोस. कागद तुझ्या यंत्राला आहे. अकरा वर्षांपूर्वीही कागद तुझ्याच पुढे होता.

संध्याकाळच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला बसा. बसेन की नाही माहीत नाही. ज्याच्यासाठी बसणार होतो तो माणूस बदलला आहे, जरा वेळ लागेल.

मालकाकडे सुट्टी मागितली. या वेळी खरंच मागितली. उस्ताद शेजारी उभा होता. म्हणाला, "कोण गेलं?" म्हटलं, "बाबा." "कधी?" "तीन वर्षं झाली." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मालकाला म्हणाला, "पाच दिवस द्या याला."

येत्या शनिवारी निघतो. तुझ्या घरी उतरणार नाही, भाऊजींना काहीतरी कारण सांग, तुला ते जमतं. रविवारी सकाळी शाळेवर येईन. तेव्हा कुणी नसतं. चाव्या तुझ्याकडेच असतात. तू फाटक उघड, नववीची खोली उघड आणि घरी जा. बोलायला थांबू नकोस. नंतर कधीतरी बोलू, किंवा नाही बोलू.

भिंतीला अजून तोच रंग आहे का, तिसऱ्या हाताचा, हे मला लिहून कळवू नकोस. वरून दुसरा दिला असेल तर मी खरवडून बघेन. मला येतं ते काम, चांगल्या माणसाच्या हाताखाली शिकलोय.

खिडकीजवळचा बाक तेवढा पुसून ठेव. मला तिथे बसायचंय.

भिंगरी